तीन मिनिटांत साडेसहा किलोमीटर

रात्री साडेआठला नंबर प्लेटच्या जुळणीची पहिली यादी निघाली आणि तिसऱ्याच ओळीवर बोट अडलं. एक दुचाकी सकाळी ९:३१ ला पहिल्या चौराह्यावरून गेली होती आणि ९:३४ ला शेवटच्या. मधलं अंतर साडेसहा किलोमीटर. म्हणजे ताशी १३० किलोमीटर, ऐन ऑफिसच्या वेळेला, वाटेतले सिग्नल धरून. इंदूरची पोरं गाडी जोरात हाकतात हे कबूल, पण इतकी नाही.

रस्त्याचं नाव देत नाही, कारण त्याचा निर्णय अजून व्हायचा होता. प्रश्न एवढाच होता की त्यावर टोकापासून टोकापर्यंत उन्नत मार्ग बांधायचा का. इंदूरला हा वाद नवा नाही. ए. बी. रोडवर एलआयजी ते नवलखा असा उन्नत मार्ग कित्येक वर्षं चर्चेत राहिला. अशा पुलाची उपयुक्तता एकाच आकड्यावर उभी असते: या टोकाला शिरलेल्या शंभर गाड्यांपैकी किती त्या टोकाला बाहेर पडतात? बाकीच्या मधेच वळणार असतील, तर त्यांना पुलावर चढून उपयोग नाही. खाली चौराह्यावर गर्दी तशीच राहणार, आणि वर पुलाचे खांब तिच्याच जागेत उभे राहणार.

चौराह्यावरची नेहमीची मोजणी हे सांगत नाही. ती दर पंधरा मिनिटांना किती गाड्या डावीकडे, सरळ, उजवीकडे गेल्या ते सांगते. दोन चौराह्यांवर 'सरळ' गेलेल्या गाड्या त्याच होत्या की वेगळ्या, ते त्या कागदावर दिसत नाही. त्यासाठी नंबर प्लेटची जुळणी करावी लागते: दोन्ही टोकांना नंबर आणि वेळ नोंदवायची आणि मागाहून जोड्या लावायच्या. कल्पना शाळकरी पोरालाही समजेल इतकी सोपी. घोळ आहे तो करण्यात.

पहिला घोळ, सगळे नंबर टिपता येत नाहीत. सिग्नल सुटला की वीस-पंचवीस दुचाकी एकदम येतात. एक माणूस चार आकडे स्पष्ट बोलायला दोन-अडीच सेकंद घेतो, तोवर अर्ध्या निघून जातात. मग नवखे लोक म्हणतात, जमतील तेवढे टिपू. तिथेच हिशोब फसतो. पहिल्या टोकाला शंभरातले ६० आणि दुसऱ्या टोकाला शंभरातले ६० टिपले, तर दोन्हीकडे सापडणारे ६० नसतात, ३६ असतात. साठाचे साठ टक्के. हे ध्यानात न घेता अहवाल लिहिला की थेट जाणारी वाहतूक निम्म्याहून जास्त गायब होते. म्हणून आम्ही शेवटच्या आकड्याचा नियम लावतो: फक्त १, ४, ६ आणि ९ वर संपणारे नंबर टिपायचे, बाकीच्यांकडे बघायचंही नाही. मग दोन्ही टोकांना त्याच गाड्या टिपल्या जातात, आणि माणसाला श्वास घ्यायला फुरसत मिळते. सगळ्या गाड्यांची एकूण संख्या शेजारचा दुसरा माणूस टॅलीने मोजतो, म्हणजे नंतर नमुना पूर्ण आकड्यापर्यंत वाढवता येतो.

दुसरा घोळ प्लेटचा. मोटारीची प्लेट समोरून वाचता येते. दुचाकीची पुढची कधी वाकलेली, कधी नसतेच. म्हणून दुचाकी मागून वाचायची, म्हणजे माणूस वाहतुकीच्या दिशेने तोंड करून उभा. सकाळी पूर्वेकडे तोंड असेल तर ऊन सरळ डोळ्यांत येतं आणि काही वाचता येत नाही. जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघावी लागते, नकाशावर नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाल्यामुळे अक्षरं एकसारखी झाली, हे फार बरं झालं. जुन्या गाड्यांवर मात्र कलाकुसर चालूच. २१४ असा वळवतात की 'राम' वाचावा, ४१४१ चा 'पापा' होतो, ८०५५ चा इंग्रजी 'बॉस'. ही हौस पुढे आम्हाला कशी नडली ते येईलच.

तिसरा घोळ खास इंदूरचा. नंबर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायचे आणि दुपारी ऐकून उतरवायचे. आमच्यात रामबागेतला मराठी मुलगा होता, तो सवयीने 'दोन' म्हणायचा. उतरवून घेणारी मुलगी हिंदी भाषक. हॉर्नच्या गोंगाटात तिने 'दोन' म्हणजे 'दो नौ' ऐकलं आणि पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकले. सुरुवातीच्या दहा मिनिटांतच तिने हाक मारली, "सर, इसमें पाँच आकडे आ रहे हैं." तेव्हापासून नियम: सगळ्यांनी हिंदीत आणि सुटे आकडे बोलायचे. 'उनहत्तर' आणि 'उन्यासी' तर बंदच.

घड्याळं सगळ्यांनी मोबाइलच्या नेटवर्कवरची ठेवली होती. दिवस मंगळवार, शाळा चालू, लग्नाची तिथी नाही. रंगपंचमीच्या आठवड्यात असं काम करायचं नाही हे इंदूरकराला सांगायला नको. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, असली की राजवाड्याकडची सगळी वाहतूक भलतीकडे वळते आणि आकडे वर्षभरासाठी खोटे ठरतात. पहिल्या टोकाला सकाळी ८ ते ११, दुसऱ्या टोकाला ८ ते ११:४०. वरची चाळीस मिनिटं का, तर ११ ला निघालेली गाडी पोचेपर्यंत तिथे माणूस हवा. पोहे उभ्याउभ्याच झाले.

तर ती रात्रीची यादी. तिच्याप्रमाणे पाचपैकी जवळजवळ एक गाडी पूर्ण रस्ता पार करत होती. पुलाच्या बाजूने बोलायला हा आकडा पुरेसा. यादी तयार करणाऱ्या मुलाने प्रवासवेळेला खालची मर्यादाच घातली नव्हती, म्हणून ती १३० च्या वेगाची दुचाकी आत शिरली. वाटलं, दहा मिनिटांची मर्यादा घातली की संपलं. तो म्हणालाही, "काका, अशा ओळी काढून टाकतो." काढल्या. तरी मन मानेना. तीन मिनिटांत पोचलेली जोडी खोटी असेल, तर तेवीस मिनिटांत पोचलेल्यांतही काही खोट्या असणारच. त्या फक्त ओळखू येत नाहीत.

खोटी जोडी म्हणजे काय? आम्ही फक्त शेवटचे चार आकडे टिपले होते, मधली सिरीजची अक्षरं नाही. इंदूरच्या एमपी ०९ मध्ये ४५२६ नंबरची गाडी एक नाही. सिरीज जितक्या, तितक्या. आता समजा, शेवटच्या टोकाला अर्ध्या तासात दीड हजार गाड्या जातात. चार आकड्यांचे एकूण नंबर दहा हजार. तर पहिल्या टोकाला टिपलेल्या कुठल्याही गाडीला तिकडे निव्वळ योगायोगाने जोडीदार मिळण्याची शक्यता शेकडा चौदाच्या आसपास निघते. गाडी मधेच घरी गेलेली असली तरी! शेवटच्या आकड्याच्या नियमाने यात काही फरक पडत नाही, कारण गाड्याही चाळीस टक्के होतात आणि संभाव्य नंबरही चाळीस टक्के, म्हणजे चार हजार. त्यात 'राम' आणि 'पापा' यांची भर. हौसेचे नंबर प्रत्येक सिरीजमध्ये आवर्जून उचलले जातात आणि रस्त्यावर जास्त दिसतात, म्हणून योगायोगही जास्त.

हे तपासायला दोन रीती आहेत आणि त्या रात्री आम्ही दोन्ही केल्या. पहिली: जुळलेल्या जोड्यांची प्रवासवेळ मिनिटामिनिटाने मांडायची. खऱ्या जोड्या एका ठिकाणी ढीग करतात, कारण सगळ्यांना तोच ट्रॅफिक लागतो. आमचा ढीग १९ ते २५ मिनिटांत होता. खोट्या जोड्यांना वेळेचं भान नसतं. त्या सगळीकडे सारख्या पसरतात. कागदावर दिसलं ते असं: एक बुटकी टेकडी, आणि तिच्या खाली डावीकडून उजवीकडे सपाट पसरलेला ओटा. टेकडी खरी, ओटा खोटा. ओटा टेकडीहून कितीतरी मोठा होता.

दुसरी रीत मला जास्त आवडते. घड्याळ उलटं फिरवायचं. पहिल्या टोकाला गाडी दिसली, तर तिचा नंबर शेवटच्या टोकाला त्यानंतरच्या १० ते ४० मिनिटांत न शोधता त्याच्या *आधीच्या* ४० ते १० मिनिटांत शोधायचा. निघण्याआधी कुणी पोचत नाही. म्हणजे जी काही जुळणी सापडेल ती सगळी योगायोगाची. (एखादी रिक्षा फेरी मारून परत आली असेल, ती सोडून.) त्यासाठी पहिल्या टोकाची ८:४० नंतरचीच नोंद घ्यावी लागली, कारण त्याआधी मागे बघायला दुसऱ्या टोकाची नोंदच नव्हती. उलट जुळणीचा आकडा सुलट जुळणीतून वजा केला आणि पाचपैकी एकचं वीसपैकी एक झालं. तोही थोडा वर न्यावा लागला: वाचताना-ऐकताना प्रत्येक टोकाला शेकडा पाच नंबर चुकतात असं धरलं, तर खऱ्या जोड्यांपैकी दहावा हिस्सा हरवतो. ती भर घालूनही चित्र बदललं नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा मोजणी केली. या वेळी सिरीजची शेवटची दोन अक्षरं आणि वाहनाचा प्रकार दोन्ही बोलायला लावलं आणि नंबर कमी करून फक्त ४ आणि ९ वर संपणारे घेतले. मधल्या दोन चौराह्यांवरही माणसं उभी केली. उत्तर तेच आलं. सर्वांत जास्त गाड्या मधल्या या दोन चौराह्यांवर वळून जात होत्या: शाळा, दवाखाने, कोचिंग, बाजार. लांबचा प्रवास नाहीच, दोन-तीन किलोमीटरचा. अशा रस्त्याला चौराह्यांची दुरुस्ती, डावीकडे वळायची मोकळी पट्टी आणि वारंवार येणारी बस लागते.

बसचं आणखी एक. मोजणीच्या कागदावर गाड्या पीसीयूत बदलतात, म्हणजे 'इतक्या मोटारींएवढी जागा'. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकात शहरी रस्त्यावर दुचाकीचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असेल तर तिला ०.७५, आणि बसचं पाच टक्क्यांपर्यंत असेल तर तिला २.२. म्हणजे पन्नास माणसांची भरलेली बस आणि तीन स्कूटर कागदावर सारख्या. चौराह्यावरच्या सर्व बाजूंची मिळून ताशी १०,००० पीसीयू झाली की उड्डाणपुलाचा विचार करावा, असं त्याच संस्थेची १९८५ ची मार्गदर्शिका सांगते. त्या दहा हजारांत माणसं किती, हे विचारत नाही. २००६ चं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण मात्र स्पष्ट म्हणतं, गाड्या नाही, माणसं हलवायची. म्हणून आम्ही दर बसची भरती डोळ्याने अंदाजून पाच खुणांत टिपतो: रिकामी, अर्ध्या सीट, सगळ्या सीट, थोडे उभे, खच्चून. अंदाज ढोबळ असतो, पण त्याशिवाय बस म्हणजे नुसती एक मोठी गाडी राहते.

हा सगळा खटाटोप एका आकड्यासाठी का, असं यादी करणाऱ्या त्या मुलाने विचारलं. इंदूरच्या तारखा त्याला सांगितल्या. शहर बससेवेची कंपनी २००५ च्या डिसेंबरात स्थापन झाली. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस २०१३ साली सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती हटवायचं ठरलं. मेट्रोला केंद्राची मंजुरी ऑक्टोबर २०१८ ची. सुमारे एकतीस किलोमीटरच्या वर्तुळातले गांधी नगर ते सुपर कॉरिडॉर ३ हे पहिले सहा किलोमीटर ३१ मे २०२५ ला धावू लागले. साडेसहा वर्षांत सहा किलोमीटर. ज्या विकास योजनेवर रस्त्यांच्या रुंद्या आखल्या गेल्या ती २००८ साली लागू झाली, आणि तिच्या नावातलं वर्ष २०२१. इथे एकदा कागदावर बसलेला आकडा दहा-पंधरा वर्षं तिथून उठत नाही.

कार्यालयात अहवाल नेला तेव्हा साहेबांनी पहिल्या रात्रीचा आकडाही मागितला. कुणीतरी तो आधीच फोनवर सांगून ठेवला होता. आम्ही दोन्ही दिले, आणि दोन्हींच्या मधली वजाबाकी वेगळ्या पानावर. त्यांनी टेकडी-ओट्याचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे आधीच्या सर्व्हेंत का नव्हतं?" याला काय उत्तर देणार? आधीच्या सर्व्हेंच्या ऑडिओ फाइली कुणी ठेवल्या नव्हत्या.

आता आमच्या फॉर्मवर तळाला एक ओळ छापलेली असते: 'उलट जुळणी'. तिथे शून्य आलं, तर ते काम परत पाठवायचं.