आईची दोन नावे आणि लिस्बनचे दप्तर

माझ्या आईचा जन्म १९५३ साली फोंडा तालुक्यातील एका गावात झाला, तेव्हा तेथे पोर्तुगालचे राज्य होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. परंतु भारताचे तेथील सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते १९७४ च्या क्रांतीनंतर, त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला झालेल्या कराराने. मुक्तीपूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगीज कायदा आपले नागरिक मानतो, आणि त्यांची जन्मनोंद लिस्बनच्या दप्तरात उतरवली गेली की त्यांच्या अपत्यांनाही तो हक्क सांगता येतो. त्यासाठी भाषेची परीक्षा नाही, तेथे राहिल्याची अटही नाही. याच आधारावर मी आज लिस्बनमध्ये राहतो. मात्र आजोळ गोव्याचे असले की युरोपचा पासपोर्ट घरपोच येतो, हा कोल्हापुरात नेहमी ऐकू येणारा समज मला खोडून काढायचा आहे.

आईच्या जन्माची पोर्तुगीज नोंद मिळवणे त्या मानाने सोपे गेले. तीत आजोबांच्या 'कामत' या आडनावाचे 'कामोतीम' झाले होते, जसे अनेक प्रभूंचे 'पोरोबो' झाले. पण ही वळणे तेथील अधिकाऱ्यांच्या सवयीची आहेत. खरी अडचण निघाली ती आपल्याच रीतीतून. १९७४ साली लग्न होऊन आई कोल्हापुरात आली, तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले आणि नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही एका दिवसात बदलले. शिधापत्रिकेपासून माझ्या जन्मदाखल्यापर्यंत पुढे सगळीकडे तेच नवे नाव लागले. पोर्तुगालमध्ये लग्नानंतर स्त्री फार तर पतीचे आडनाव जोडून घेते. तिचे पाळण्यातले नावच पुसले जाते, हे तेथे कोणाला समजावून सांगायचे? पहिला अर्ज परत आला, कारण फोंड्यात जन्मलेली मुलगी आणि माझी आई या कागदोपत्री दोन वेगळ्या स्त्रिया होत्या.

लग्नाची नोंदणीही झालेली नव्हती. सत्तरीच्या आसपास आई-बाबा साक्षीदारांसह जाऊन ती करून आले, आणि त्यांच्याइतके अवघडलेले जोडपे त्या कार्यालयात दुसरे नसावे. त्यानंतर आईचा शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) आणि पोर्तुगीज भाषांतर हे सारे जोडावे लागले. आधी आईचा जन्म, मग त्यांचा विवाह आणि शेवटी माझा जन्म, या क्रमाने नोंदी होईपर्यंत अडीच वर्षे गेली.

भारताच्या बाजूचा हिशेब वेगळा आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की आपले संपते. मी भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, घेतले. आता मला मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकते. आईने स्वतःचे पोर्तुगीज ओळखपत्र काढलेले नाही. नुसत्या जन्मनोंदीने भारतीय नागरिकत्वाला बाध येतो का, यावर गोव्यात बराच वाद झालेला आहे. म्हणून आई-वडिलांची नोंद लिस्बनला पाठवण्याआधीच वकिलाचा सल्ला घ्यावा, नंतर नव्हे.

माझ्या ओळखपत्राच्या मागील बाजूस आई-वडिलांची नावे छापलेली आहेत. तेथे आईचे माहेरचे नाव आहे, 'कामोतीम'सह. मामा सोडला तर त्या नावाने तिला आता कोणीच हाक मारत नाही.