एक सूत वाढलेली चेन

मखमलाबाद, मातोरी, गिरणारे आणि परत, हा नाशिकजवळचा माझा रविवारचा सायकलचा ठरलेला रस्ता. सप्टेंबरात तो फार सुंदर दिसतो, पण चेनच्या जिवावर उठतो. टोमॅटोचा हंगाम सुरू असतो. शेतातून निघालेले ट्रॅक्टर आणि पिकअप चाकांना लागलेली काळी माती डांबरावर सोडत जातात आणि वरून पावसाची भुरभुर. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी घरी आले आणि चेनवर बोट फिरवलं. काळा चिकट लगदा हाताला लागला. चिमटीत चोळला तर आत कचकच होती.

महिनाभर गिअर नीट पडत नव्हते. एक बटण दाबलं की चेन दोन दातेरी चक्रांच्या मध्ये घुटमळायची, मग खाडकन पुढच्या चक्रावर जायची. सायकल घेतली त्या शोरूममध्ये दोनदा दाखवली. दोन्ही वेळा "तेल मारत राहा मॅडम" एवढंच उत्तर मिळालं. कोणी पट्टी लावून पाहिली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पट्टी लावली ती माझ्या बाबांनी. बाबा सातपूरच्या एमआयडीसीत फिटर होते. त्यांची स्टीलची पट्टी अजून कपाटात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली असते. त्यांनी चेन ताणून धरायला सांगितली, एका पिनच्या बरोबर मध्यावर शून्य ठेवला आणि बारा इंचाच्या खुणेकडे बोट दाखवलं. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची असते, त्यामुळे नवीन चेनवर चोवीस कड्या मोजल्या की पिन बरोबर बारा इंचावर येते. माझी पिन पुढे सरकलेली होती.

"एक सूत गेलंय," बाबा म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

मला वाटलं होतं की पेडल मारून मारून लोखंड ताणलं जातं. तसं होत नाही. पिन आणि तिच्याभोवतीचा भाग एकमेकांवर घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते आणि शंभरावर सांध्यांची ती जागा एकत्र होऊन चेन लांब होते. चिमटीत लागलेली कचकच तिथे आत जाऊन पॉलिश पेपरचं काम करत होती. वरून तेल ओतलं की ती आणखी आत जायची.

पंचवटीतल्या एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, मागे दातेरी चक्रं किती?" माझी मागे आठ चक्रांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चक्रांचा संच, आहे. आठ, नऊ, दहा, अकरा, जशी चक्रं वाढतात तशी चेन बाहेरून अरुंद होत जाते, म्हणून आठची चेन आठलाच घ्यायची. चेनबरोबर क्विक लिंक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी, आणि एक चेन कटरही घेतला. बदलायची मीच, हे ठरवलेलं होतं.

चेन कटरमध्ये जुन्या चेनची कडी बसवली, दांडा फिरवला. आधी जोर लागतो, मग पिन टक्कन सुटते. जुनी आणि नवी चेन गॅलरीतल्या खिळ्याला शेजारी शेजारी टांगल्या आणि एकशेदहा कड्यांपर्यंत दोन्ही मोजल्या. जुनी अर्धा इंच खाली आली होती. एवढी झीज मी रोज पायाखाली घेऊन फिरत होते. म्हणून लांबी लावून नवी चेन कापायची नाही, कड्या मोजूनच कापायची. चेनमध्ये एक कडी आतली, एक बाहेरची अशा आळीपाळीने येतात आणि क्विक लिंक ही स्वतः एक बाहेरची कडी आहे, त्यामुळे नव्या चेनच्या एकशेनऊ कड्या ठेवल्या आणि दोन्ही टोकांना आतली कडी येईल असं पाहिलं.

ओवताना माझी एक चूक झाली. मागच्या डिरेल्युअरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, दोन छोट्या चाकांमध्ये पत्र्याची एक जीभ असते. चेन तिच्या चुकीच्या बाजूने गेली. पेडल उलटं फिरवलं तर खर्र खर्र आवाज. पुन्हा सोडून ओवली. मग क्विक लिंक वरच्या बाजूला आणली, मागचा ब्रेक दाबून धरला आणि पेडलवर पाय टाकला. टक् असा आवाज आला की ती बसली. गॅरेजमध्ये काम करून आल्यासारखे हात काळे झाले होते, पण फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी चामर लेणीच्या पायथ्याच्या चढावर उभं राहून पेडल मारलं आणि चेन सटकली. गुडघा हँडलवर आपटला. पुन्हा जोर लावला, पुन्हा सटकली. फक्त मधल्या दोन चक्रांवर, ज्यांच्यावर मी सगळ्यात जास्त सायकल चालवते त्याच.

काकांनी कॅसेटकडे बघूनच सांगितलं. वाढलेल्या चेनचे रोलर, म्हणजे पिनभोवती फिरणाऱ्या नळ्या, दाताच्या खोबणीत तळाशी बसत नाहीत, वर चढून बसतात, आणि दातांना स्वतःच्या मापाचं करून घेतात. दात एका बाजूने झुकून आकड्यासारखे होतात. त्यावर मापातली नवी चेन बसणार कशी? "अर्धा सूत झाला की चेन आणायची, ताई. एक सूत होऊ दिलं की कॅसेटपण आणावी लागते." अकरा-बारा चक्रांच्या पातळ चेनला तर अर्ध्या सुताच्या पुढे थांबायचंच नाही, असंही त्यांनी बजावलं. कॅसेट चेनच्या जवळपास दुप्पट किमतीला पडली. ती काढायला वेगळा पाना आणि चेन धरून ठेवणारी पट्टी लागते, ते काम काकांकडून करून घेतलं.

२०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली. आमच्या ओळखीतल्या किती जणांनी त्यांचं नाव घेत सायकल घेतली! आम्ही सगळे किती किलोमीटर झाले ते सांगतो, चेन कधी मोजली ते कोणीच सांगत नाही. म्हणून मी काय करते ते लिहिते.

पावसात फिरून आले की त्याच दिवशी कोरड्या फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवते, फडकं काळं येणं कमी होईपर्यंत. महिन्यातून एकदा जुन्या ब्रशने डिझेल लावून घासते, मग भांड्याच्या साबणाचं पाणी, मग पूर्ण वाळवते. डिस्क ब्रेक असेल तर डिझेलचा आणि तेलाचा थेंबही डिस्कला लागू द्यायचा नाही. तेल लावताना घाई करत नाही. प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकच थेंब, एकशेदहा थेंब. पेडल थोडा वेळ उलटं फिरवायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढायचं. तेल सांध्याच्या आत हवं, बाहेर राहिलेलं फक्त धूळ धरतं. पावसाळ्यात वेट ल्यूब हे जाडसर तेल आणि उन्हाळ्यात वाळून कोरडं राहणारं ड्राय ल्यूब वापरते. गंज सोडवायचा स्प्रे चेनला वंगण म्हणून मारायचा नाही, तो असलेलं तेलही धुऊन नेतो. नव्या चेनला कंपनीचं जे ग्रीस असतं ते मात्र मी धुतलं नाही, वरून पुसलं फक्त.

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पट्टी. परवा बाबांनी डोळ्यांवर चष्मा चढवून स्वतः पाहिलं. बारा इंचावर अर्ध्या सुताला अगदी थोडं कमी. नवी चेन आणून ठेवली आहे. दिवाळीच्या सुट्टीत बदलणार.