संक्रांतीआधीचा रविवार

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी नाशिकमधल्या आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांची एक दिवसाची हॅकेथॉन भरते, म्हणजे गटागटाने एकेक प्रश्न घ्यायचा आणि ठरलेल्या वेळात त्यावर चालेल असे काहीतरी बनवून दाखवायचे. ती शाळेचे माजी विद्यार्थी मंडळ भरवते आणि मी पहिल्यापासून मंडळात असल्यामुळे तिचे बहुतेक सगळे रविवार माझ्या डोळ्यांसमोर आहेत. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या त्या आठवड्यात पेपरात असतात, सकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांचे कान मफलरीत गुंडाळलेले असतात, आणि नऊ वाजता फळ्यावर पहिला प्रश्न लिहिला गेला की त्यानंतर दुपारपर्यंत कोणालाही थंडीची आठवण राहत नाही.

मोठ्यांच्या हॅकेथॉन रात्रभर चालतात. केंद्र सरकारच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमधली सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी ३६ तासांची असते. आमची नऊ ते पाच आहे, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. दिंडोरी, निफाड, सिन्नर या तालुक्यांतल्या शाळांची मुले-मुली या दिवसासाठी एसटीने येतात आणि त्यांना दिवसाउजेडी परतीची गाडी मिळायला हवी. एकदा सूचना आली होती की मुलांना रात्री शाळेतच ठेवावे. पण मुलींना घरून परवानगी मिळणार नाही हे स्पष्ट दिसत होते, आणि मुली नसतील तर हा दिवस कशासाठी भरवायचा, असे मंडळातल्या ताईंनी ठामपणे विचारले. तो विषय तिथेच संपला. मला विचाराल तर ही वेळेची मर्यादाच आमच्या कार्यक्रमाचे खरे बळ ठरली आहे, कारण एका दिवसात मोठे काही होत नाही आणि त्यामुळे लहान काय करावे याचा विचार मुलांना करावाच लागतो.

आदल्या दिवशीची तयारी हाही एक मेळावाच असतो. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणारे माजी विद्यार्थी आपापले मल्टीमीटर आणि सोल्डरिंग गन घेऊन येतात, कोणी एक्स्टेन्शन बोर्ड एकेक करून तपासतो, कोणी जंपर वायरी रंगांप्रमाणे वेगळ्या करून ठेवतो. शाळेला अटल टिंकरिंग लॅब ही सरकारी योजनेतली प्रयोगशाळा मिळाल्यापासून आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि सेन्सरची अडचण राहिली नाही. त्याआधीच्या वर्षांत मात्र मुले फक्त संगणकावर स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत खेळ आणि गोष्टी करत असत, आणि तेही तितक्याच तन्मयतेने. जेवण प्रयोगशाळेबाहेर व्हरांड्यातच घ्यायचे, हा नियम पालक मंडळींनी घातला आणि तो आजवर कोणी मोडलेला नाही. मसालेभात, मठ्ठा आणि जिलेबी हा बेतही त्यांचाच.

सुरुवातीच्या वर्षांत मुले फार मोठे विषय घेऊन येत. गोदावरीचे प्रदूषण, शहरातली वाहतूक, हवामान बदल असे शब्द तक्त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असत आणि संध्याकाळी त्या तक्त्यांपलीकडे दाखवायला फारसे काही नसे. मग मंडळाने ठरवले की प्रत्येक गटाने प्रश्नासोबत एका माणसाचे नाव आणायचे: तो प्रश्न ज्याला रोज पडतो त्या माणसाचे. हे सुचले ते सिंहस्थामुळे. २००३ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता, आणि २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटीत संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे कुंभथॉन नावाची शिबिरे भरली. त्या शिबिरांतून गर्दी मोजण्यासाठी पायाखाली अंथरायच्या दाबसंवेदी चटया तयार झाल्या, आणि त्या तयार करणाऱ्यांत नाशिकचा एक शाळकरी मुलगा होता. हे ऐकले की आमची मुले सावरून बसतात. गर्दी आवरणे हा प्रश्न फार मोठा आहे, पण या चिंचोळ्या वाटेवरून आता किती माणसे पुढे गेली, हा प्रश्न एका चटईत मावतो. एवढाच फरक आम्हाला त्यांना दाखवायचा असतो.

या सगळ्या दिवसात मला सर्वांत प्रिय आहे तो जेवणानंतरचा तास. सकाळचा उत्साह ओसरलेला असतो, काहीच चालत नसते आणि चार वाजता काम थांबवायचे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. याच तासात मुले कागद पुढे ओढतात आणि यादीतल्या एकेका गोष्टीवर काट मारू लागतात. एका गटाला सिटीलिंकच्या सगळ्या बसगाड्यांचे अ‍ॅप करायचे होते. कोणती गाडी कुठे आहे, तिच्यात जागा आहे का, तिकीट किती, सगळे. दुपारी दोनला त्यांच्या हातात फक्त एक नकाशा होता आणि तोही नीट उघडत नव्हता. त्यांनी प्रश्नासोबत आणलेला माणूस म्हणजे त्यांच्यातल्याच एकाची आजी, जी दर गुरुवारी निमाणीहून नाशिकरोडला लेकीकडे जाते. मंडळातल्या दादाने त्यांना विचारले की आजीला यातले काय हवे आहे. मुलाने व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला आणि परत येऊन सांगितले की आजीला फक्त पुढची गाडी किती वाजता आहे ते हवे आहे, आणि तेही कोणीतरी बोलून सांगायला हवे, कारण चष्मा पिशवीत असतो. चार वाजेपर्यंत त्यांचे अ‍ॅप तयार झाले: पडद्यावर एकच मोठे बटण, ते दाबले की वेळापत्रकातली पुढची वेळ मराठीत ऐकू येते. वेळा त्यांनी हाताने टंकल्या होत्या, आवाज त्या मुलाच्या बहिणीचा होता. आजवर झालेल्या कामांत मी ते फार वरचे मानतो.

दुसरे काम कांद्याचे. निफाड तालुक्यातल्या एका शाळेच्या चार मुली प्लास्टिकच्या क्रेटमध्ये कांदे भरून एसटीने घेऊन आल्या होत्या. चाळीत साठवलेला कांदा सडू लागला तर ते वेळेवर कळावे, असा त्यांचा प्रश्न होता आणि प्रश्नाचे धनी त्यांच्यातल्या एकीचे वडील होते, जे त्या दिवशी परीक्षक म्हणूनही आले होते. जानेवारीत चाळी रिकाम्या असतात. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरायचा आणि दिवाळीपर्यंत जपायचा. सध्याचा लाल कांदा टिकत नाही, तो काढला की बाजारात न्यायचा. म्हणून मुलींनी क्रेटचीच चाळ केली, काही कांद्यांवर पाणी शिंपडले, वरून गोणपाट घातले आणि आत आर्द्रता मोजणारा निळ्या जाळीदार डबीतला सेन्सर ठेवला.

त्याआधी मात्र एक पेच आला. तुलनेसाठी आणलेले दोन सेन्सर त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा एक ६१ दाखवत होता आणि दुसरा ६७. मुलींना वाटले की एक बिघडला आहे आणि त्या बदलून मागायला आल्या. अंबडच्या कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांचेच काम करणारा आमचा एक माजी विद्यार्थी तिथे होता. त्याने सांगितले की दोन्ही चांगले असू शकतात, कारण या स्वस्त सेन्सरमध्ये पाच टक्के इकडेतिकडे होणारच, हे बनवणाऱ्यांनीच माहितीपत्रकात लिहिलेले असते. मग मुलींनी दोन्ही सेन्सर पाऊण तास शेजारीच ठेवले, दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत उतरवले, त्यांच्यातला फरक काढला आणि नंतर एक सेन्सर कांद्यांच्या मधोमध व दुसरा क्रेटबाहेर ठेवून तो फरक वजा करत राहिल्या. सकाळचा जवळजवळ एक तास यात गेला. इतर गटांच्या दिव्यांची उघडझाप सुरू झाली होती आणि या चौघी आकडे लिहीत बसल्या होत्या, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. विज्ञानाच्या तासाला मोजमापातली त्रुटी शिकवताना शिक्षकांची जी दमछाक होते, ती त्या दिवशी कोणालाही करावी लागली नाही.

आतला आकडा बाहेरच्यापेक्षा फार वाढला की सूचना द्यायची होती. दोन ओळींच्या छोट्या एलसीडी पडद्यावर इंग्रजी अक्षरे सहज उमटतात, पण देवनागरी त्यात नसते. स्वतःची चिन्हे मात्र घडवता येतात, एका वेळी आठ, आणि प्रत्येक चिन्ह आडवे पाच व उभे आठ ठिपके एवढ्याच जागेत बसवावे लागते. चौघींतल्या सर्वांत लहान मुलीने गणिताची चौकटीची वही काढली आणि ‘धोका’ हा शब्द चौकटी रंगवत जुळवायला घेतला. ओकाराची मात्रा बसेना, कारण वर एकच रांग उरत होती. तिने ‘ध’ एका रांगेने बुटका केला. दोन घरांच्या मधे पडद्यावर जी मोकळी फट असते तिच्यामुळे शिरोरेषा तुटत होती, तिला काही इलाज नव्हता. तरी पावणेचारला गोणपाटाखालचा आकडा चढला, बझर वाजला आणि पडद्यावर तो शब्द उमटला. तिच्या मैत्रिणीचे वडील वाकून बघत होते. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि लगेच विचारले, “पण बाळांनो, चाळीत सड सुरू होते ती ढिगाच्या पोटात. तिथवर तुमची वायर पोचेल का?” मुलींनी हा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला.

परीक्षकांत अभियंते असतात तसेच असे शेतकरी, एखाद्या परिचारिका ताई, शाळेचे वायरमन काकाही असतात, आणि मुलांना घाम फुटतो तो यांच्याच प्रश्नांना. सादरीकरणाचा नियम एकच आहे: जे चालते तेवढेच दाखवायचे, पुढे काय करणार ते सांगायचे नाही. क्रमांक द्यावेत की नाही यावर मंडळात दरवर्षी वाद होतो. क्रमांक असले की मुले जिद्दीने करतात, असे एका बाजूचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. मी मात्र विरुद्ध बाजूचा आहे, कारण क्रमांक होते त्या वर्षी शेवटच्या तासात गट एकमेकांपासून वायरी लपवू लागले होते, आणि ते बंद केल्यावर जिचे काम आधी आटोपले ती मुलगी शेजारच्या टेबलावर जाऊन सोल्डरिंग करून देताना मी पाहिली आहे. आता प्रत्येक गटाला त्यांनी वापरलेला आर्डुइनो आणि सेन्सर घरी न्यायला मिळतात. त्याचा खर्च माजी विद्यार्थी वाटून घेतात.

कांद्याच्या गटाने ती वायर पुढे लांब केली. मे महिन्यात खरी चाळ भरताना त्यांनी प्लास्टिकच्या पाइपला भोके पाडून सेन्सर त्यात बसवला आणि तो पाइप ढिगाच्या मधोमध उभा केला. पावसाळाभराचे आकडे त्यांच्या वहीत आहेत; काही दिवस गाळलेले आहेत, कारण सेन्सर दोनदा बंद पडला, आणि तेही त्यांनी तारखांसह लिहून ठेवले आहे. त्या आता दहावीत असल्यामुळे स्पर्धक म्हणून बसणार नाहीत, पण यंदाच्या रविवारी सकाळी पहिला अर्धा तास आम्ही त्यांना दिला आहे. वही घेऊन या, एवढेच त्यांना कळवले आहे.