आमची वाटचाल : चार डबे, एक गाळा आणि कौन्सिलचा नकार

२०१४ साली इंग्लंडमधल्या घराच्या ओट्यावर चार डब्यांनी सुरुवात झाली. मी मिरजेची, नवरा सोलापूरचा. आजूबाजूला आयटीत काम करणारी आपली मुलं होती आणि त्यांना पोळी-भाजी हवी होती. कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, खाद्यव्यवसायाची नोंदणी केली, तपासणीत पाचपैकी पाच मिळाले. मग मंडळांच्या ऑर्डरी येऊ लागल्या. गणपतीत उकडीचे मोदक, पाडव्याला पुरणपोळ्या. २०१७ मध्ये एका मोठ्या शेडमधला गाळा भाड्याने घेतला आणि दोन बायका कामाला ठेवल्या.

त्या शेडमध्ये आम्ही चार धंदेवाले होतो, पत्ता मात्र सगळ्यांचा एकच. बिझनेस रेट्स, म्हणजे धंद्याच्या जागेवरची पट्टी, जागामालक भरायचा आणि आमच्या भाड्यात धरायचा. तेव्हा ते सोयीचंच वाटलं होतं.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. चाळीस किलो दह्याचा चक्का टांगलेला, डाळ भिजत घातलेली. २३ तारखेला रात्री पंतप्रधानांनी लॉकडाऊन जाहीर केला आणि सकाळी नऊपर्यंत सगळ्या ऑर्डरी रद्द झाल्या. चक्का टाकवेना. श्रीखंड करून डबे गल्लीभर दारोदार ठेवून आलो. पार्सल विकायला परवानगी होती, पण आमचा धंदा समारंभांवर चालायचा आणि समारंभच संपले होते.

त्याआधी, १७ मार्चला, अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी छोट्या धंद्यांना दहा हजार पौंडांची ग्रँट जाहीर केली होती. ती वाटायचं काम कौन्सिलांकडे होतं. अट अशी की ११ मार्चला रेट्सच्या यादीत जागा तुमच्या नावावर हवी आणि रेट्समधली छोट्या धंद्याची सवलत तुम्हाला लागू हवी. आमचं नाव यादीत कुठेच नव्हतं, त्यामुळे एप्रिलमध्ये नकार आला. त्याबद्दल माझं कौन्सिलशी भांडण नाही, नियम वरून आलेला होता. पण सामायिक ऑफिसं, बाजारातले स्टॉल, आमच्यासारखी किचनं अशी किती माणसं त्या एका अटीत अडकली! सरकारलाही ते कळलं आणि मे महिन्यात अशांसाठी ६१ कोटी ७० लाख पौंडांचा वेगळा निधी आला. कोणाला किती द्यायचं ते ठरवायची मुभा कौन्सिलांना होती.

जूनमध्ये अर्ज केला. भाडेकरार, तीन वर्षांच्या भाड्याच्या पावत्या, बँकेचे उतारे, रद्द झालेल्या ऑर्डरींची यादी, सगळं जोडलं. जुलैत दोन ओळींचा ईमेल आला : जागेचा ठरावीक खर्च सिद्ध होत नाही. मी तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला. समोर भिंतीला त्याच महिन्याची भाड्याची पावती टाचलेली होती.

फेरविचार मागितला, उत्तर आलं की निर्णय अंतिम आहे. २८ ऑगस्टला, गणपती बसून सहा दिवस झाले होते, योजना बंद झाली. त्या वर्षी आम्ही फक्त घरच्या नैवेद्यापुरते एकवीस मोदक केले. दोन्ही बायका फर्लोवर, म्हणजे सरकारी मदतीच्या पगारी रजेवर होत्या, म्हणून त्यांचा पगार तरी निघत होता. गाळ्याचं भाडं आम्ही बाउन्स बॅक लोनमधून, म्हणजे कोविडकाळातल्या सरकारी हमीच्या कर्जातून भरत होतो.

नवरा म्हणाला, सोडून दे. मला ते जमेना. ग्रँट हा हक्क नाही हे मला मान्य होतं, पण कागद न वाचता 'नाही' म्हणणं मान्य नव्हतं. या नकारावर अपील करायला न्यायाधिकरण नाही. हायकोर्टात जायचं तर तीन महिन्यांच्या आत आणि भरपूर खर्च करून. उरली कौन्सिलच्या तक्रारीची वाट आणि ती संपल्यावर ओम्बड्समन, म्हणजे स्थानिक कारभाराचा लोकपाल. तो फुकट असतो आणि त्याला वकील लागत नाही. पण एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते : तुम्हाला पैसे मिळायला हवे होते का, हे तो ठरवत नाही. निर्णय नीट प्रक्रियेने झाला का, एवढंच तो बघतो. म्हणून आम्ही किती अडचणीत आहोत हे लिहिलेलं पहिलं पत्र मी फाडलं. दुसऱ्यात एवढंच विचारलं की तुमच्या धोरणातल्या कोणत्या कलमानुसार नकार दिला आणि आमची कोणती पावती अपुरी पडली.

२०२१ च्या उन्हाळ्यात लोकपालाचा निकाल आला, तेव्हा खरं कारण कळलं. आमच्या शेडमधल्या दुसऱ्या एका धंद्याला ग्रँट मिळाली होती. पत्ता एकच म्हणून आमचा अर्ज 'दुबार' धरून बाजूला ठेवला होता. पावत्या कोणी उघडल्याच नव्हत्या. ईमेलमधलं कारण आणि फाईलमधलं कारण वेगळं होतं. वर्षभर मी स्वतःचे कागद पुन्हा पुन्हा तपासत होते, काय चुकलं ते शोधत होते. त्याचा राग मला आजही येतो.

कौन्सिलने माफी मागितली, अर्ज नव्याने तपासला आणि पाच हजार पौंड दिले. त्यातून भाड्याची थकबाकी फेडली. दोघींपैकी एक परत कामावर आली, दुसरीने तोवर गोदामात नोकरी धरली होती. तिच्या हातच्या पुरणपोळ्या अजून लोक विचारतात.

२०२२ मध्ये स्वतंत्र गाळा घेतला. करार करताना पहिली अट घातली ती रेट्सचं बिल आमच्या नावावर हवं ही. जागेची रेटेबल व्हॅल्यू, म्हणजे पट्टीसाठी धरलेली किंमत, बारा हजार पौंडांच्या आत, त्यामुळे पूर्ण सवलत आणि भरायची रक्कम शून्य. तरी ते बिल फाईलमध्ये सगळ्यात वर लावलं आहे.