वेळेवर या, शिव्या देऊ नका

कुठल्याही हौशी मंडळाची घटना हाती लागली की मी ध्येय-उद्दिष्टांची पानं उलटून थेट दंडाच्या कलमांवर जातो. मंडळात काय काय घडून गेलंय आणि कोण कोणाला वैतागलंय, ते तिथे बरोबर कळतं.

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर बेसबॉल क्लबचंच घ्या. 23 सप्टेंबर 1845 रोजी या मंडळींनी आपले नियम कागदावर उतरवले. बेसबॉलच्या इतिहासात त्या कागदाला फार मान आहे. त्यातला पहिलाच नियम सांगतो की सभासदांनी ठरल्या वेळी हजर राहावं! चेंडू, बॅट, बाद-नाबाद हे सगळं नंतर. म्हणजे मंडळ रीतसर सुरू व्हायच्या आतच उशिरा येणाऱ्यांनी बाकीच्यांचा जीव खाल्ला असणार. खेळाला हे लोक कागदोपत्री ‘व्यायाम’ म्हणत. घरी सांगायलाही बरं.

मॅनहॅटनमध्ये मोकळ्या जागा भराभर बांधल्या जात होत्या, तेव्हा मंडळींनी हडसन नदीपलीकडचं होबोकन गाठलं. तिथे एलिशियन फील्ड्स नावाची हिरवीगार जागा होती, वर्षाला 75 डॉलर भाडं. जागा स्टीव्हन्स घराण्याची आणि तिथे नेणारी फेरीबोटही त्यांचीच. धंदा करावा तर असा.

तोवर धावणाऱ्या गड्याला चेंडू फेकून मारला की तो बाद, अशी सर्रास पद्धत होती. निकरबॉकरांनी ती बंद केली. मैदानाच्या दोन कडा ठरवून त्याबाहेर गेलेला फटका धरायचाच नाही, म्हणजे फाउल ठरवायला सुरुवात केली. चेंडू खालून टाकायचा, एकवीस धावा आधी करील तो जिंकला. आणि एका टप्प्यावर झेल घेतला तरी फलंदाज आउट. आपल्या गल्लीतला ‘एक टप्पा आउट’ तो हाच. फक्त तिथे तो दाढी-मिशावाले डॉक्टर आणि बँकेतले कारकून गंभीर चेहऱ्याने खेळत होते.

19 जून 1846 ला दुसऱ्या संघाशी त्यांचा गाजलेला सामना झाला. नियम निकरबॉकरांचे, मैदान त्यांच्या सरावाचं, पंच त्यांचेच अलेक्झांडर कार्टराइट. एवढं सगळं घरचं असूनही चार डावांत 23 विरुद्ध 1 अशी धूळ चारली त्यांना. धावफलकाच्या वहीत आणखी एक नोंद आहे: एका खेळाडूला शिवी दिल्याबद्दल सहा सेंट दंड. मला या सामन्यातली हीच धाव सर्वांत आवडते.

न्यूयॉर्कात निकरबॉकरांच्या आधीही क्लब होते, नियमही होते. पण यांनी वह्या लिहिल्या आणि जपल्या. पहिलेपणाचा मान पुष्कळदा खेळणाऱ्याला नाही, चिटणिसाला मिळतो.

माझा जीव मात्र डॉक्टर डॅनियल अ‍ॅडम्स यांच्यावर. ते क्लबचे अध्यक्ष झाले आणि अध्यक्षांच्या वाट्याला जे येतं ते सगळं त्यांच्या वाट्याला आलं. चेंडू विकत मिळत नव्हते, म्हणून स्वतः करायचे. रबराचे तुकडे घ्यायचे, त्यावर सूत गुंडाळायचं, वरून कातडं शिवायचं. पुढे एक स्कॉटिश खोगीरवाला भेटला, त्याने घोड्याच्या कातड्याचं आवरण घालायची युक्ती दाखवली. मग डॉक्टरसाहेब आपल्याच क्लबला नव्हे, इतरांनाही चेंडू करून देऊ लागले. तो चेंडू इतका हलका की लांबून फेकला तर आतपर्यंत पोचेना. तो मध्येच घेऊन पुढे देणारा माणूस हवा, म्हणून डॉक्टर स्वतः मधे उभे राहिले. बेसबॉलमधली ‘शॉर्टस्टॉप’ ही जागा अशी चेंडूच्या हलकेपणातून निघाली. एवढं करून नदी ओलांडून होबोकनला पोचावं, तर मैदानावर दोन-तीन टाळकी! मग दोघा-तिघांत जमेल असा पोरखेळ खेळून ‘व्यायाम’ उरकायचा. पहिला नियम काय होता, आठवतं ना?

कार्टराइट 1849 मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे निघाले आणि तिथून होनोलुलूला जाऊन स्थिरावले. अ‍ॅडम्स मागे राहिले. 1857 च्या बेसबॉल क्लबांच्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. तिथे दोन तळांमधलं, म्हणजे बेसमधलं, अंतर 90 फूट आणि डाव नऊ हे ठरलं ते आजतागायत चालू आहे. कार्टराइट 1938 मध्येच बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसले. अ‍ॅडम्स 2015 च्या मतदानात दोन मतांनी हुकले. निघून गेलेल्याचा फोटो भिंतीवर आणि सतरंज्या उचलणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नाही, हे सगळ्या मंडळांत चालतं.

जेम्स व्हाइट डेव्हिस हे तीस वर्षं याच क्लबचे सभासद. त्यांचं टोपणनाव होतं ‘टू लेट’. 1882 च्या सुमाराला क्लब बंद पडला, पण डेव्हिसना आपल्याला क्लबच्या झेंड्यात गुंडाळूनच पुरावं असं वाटत होतं. 1893 मध्ये त्यांनी पत्र लिहून विनंती केली, की खेळाडूंनी दहा-दहा सेंट काढून माझ्या कबरीवर एक दगड बसवावा. ते 1899 मध्ये गेले. दगड बसला 2016 साली. त्याच वर्षी अ‍ॅडम्स यांच्या 1857 च्या नियमांचे कागद लिलावात 32 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेले. डेव्हिस यांची दहा सेंटची वर्गणी मात्र तोवर 123 वर्षं थकली होती.