मी न लिहिलेली ओळ

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचा एक कारखाना आहे. मालकांची अडचण साधी होती. व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी फोनवर येतात, माग चालू असले की धड काही ऐकू येत नाही, आणि 'वीस डझन'चं 'तीस डझन' होतं. ऑर्डर लिहूनच यायला हवी होती. त्यासाठी ब्राउझरमधला ऑर्डरचा फॉर्म मी बनवून देणार होतो.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्येच लॅपटॉप उघडला. टर्मिनलमध्ये 'एनपीएक्स एक्सप्रेस-जनरेटर' टाकलं (एक्सप्रेस म्हणजे नोडवर, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर, वेबसाइट उभी करायचा सांगाडा; जनरेटर त्याच्या सुरुवातीच्या फाइली आयत्या लिहून देतो), पुढे फोल्डरचं नाव आणि 'नो-व्ह्यू'. (हे न सांगितलं तर तो अजून जेड हे पानांचे साचे बनवायचं साधन हाती देतो. त्या जेडचं नाव पग होऊन कितीतरी वर्षं झाली.) बिन, पब्लिक, राउट्स, अ‍ॅप डॉट जेएस अशा फाइल-फोल्डरांच्या ओळी सरसर खाली आल्या. एनपीएम इन्स्टॉल, एनपीएम स्टार्ट, ब्राउझरमध्ये पोर्ट 3000, की 'वेलकम टू एक्सप्रेस' हजर.

"झालं की ओ! मग महिना कशाला पायजे?" मालक म्हणाले.

झटपट करून दाखवायची ही फुशारकी मला पुढे नडली.

तीन आठवड्यांनी फॉर्म दाखवायला गेलो. मे महिना, वर पत्रा, कूलर नुसता आवाजाला. घरी पोस्टमनमधून (सर्व्हरला चाचणीचा मजकूर पाठवायचं अ‍ॅप) शंभरदा तपासलेलं होतं. मालकांनी स्वतः तीन रंग भरले, प्रत्येकाचे डझन टाकले, बटण दाबलं. एरर 500. खाली 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइंड'. व्यापाऱ्याचं नाव आलं होतं, पण आयटम्स गायब.

मी माझी ऑर्डर्सची फाइल उलटीपालटी केली. चूक माझीच असणार, कारण बाकीचं तर जनरेटरनं दिलेलं. काचेपलीकडे माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांनी एक माग थांबवला. चादरीतल्या मोराच्या मानेत दर वेळी त्याच जागी एक आडवी रेघ उमटत होती. त्यांनी कापडाला हातही लावला नाही. शिडी लावून थेट वर, नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्डकडे गेले आणि भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकेक पाहू लागले. ते बघून माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला असं लिहायला छान वाटलं असतं. प्रत्यक्षात मी आणखी अर्धा तास माझ्याच फाइलीत चाचपडत होतो.

शेवटी आलेला सगळा मजकूर कन्सोलवर छापला. 'आयटम्स[0][रंग]' हे अख्खंच्या अख्खं, कंसांसकट, एका किल्लीचं (की, म्हणजे मजकुरातल्या एका नोंदीचं) नाव होऊन बसलं होतं. आत यादी नव्हतीच. तेव्हा अ‍ॅप डॉट जेएस उघडली. फॉर्मचा मजकूर उलगडणारी, जनरेटरनं लिहिलेली ओळ: एक्सप्रेस डॉट युआरएलएनकोडेड, कंसात 'एक्स्टेंडेड: फॉल्स'. फॉल्स असलं की नोडचं साधं क्वेरीस्ट्रिंग मॉड्यूल वापरलं जातं, आणि त्याला कंसांचा अर्थ कळत नाही. ट्रू केलं की क्यूएस नावाची लायब्ररी कंस उलगडून यादी बनवते. पोस्टमनमधून मी जेसन, म्हणजे मजकूर मांडायची वेगळीच पद्धत, पाठवत होतो. तो शेजारच्या दुसऱ्याच ओळीतून आत येतो, म्हणून घरी सगळं सुरळीत. ब्राउझरच्या साध्या फॉर्मची वाट मी एकदाही चाललो नव्हतो.

फॉल्सचं ट्रू केलं. तरी 500! घाम पुसता पुसता लक्षात आलं की सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केलेलाच नाही. फाइल बदलली की सर्व्हर आपोआप पुन्हा चालू करणारं नोडमॉन जनरेटर देत नाही. कंट्रोल-सी, परत एनपीएम स्टार्ट. तीन रंग, तीन ओळी, बरोबर डझन.

मालक खूश. चहा आला. त्यांची मुलगी इंजिनीअरिंगला आहे. तिनं वायफायवरून माझ्या लॅपटॉपचा आयपी मोबाइलमध्ये टाकला आणि पुढे सहज 'स्लॅश युजर्स' लिहिलं.

"दादा, हे काय आहे? 'रिस्पॉन्ड विथ अ रिसोर्स'?"

तीही जनरेटरचीच भेट होती. मी कप खाली ठेवला आणि तिच्यादेखतच युजर्सची फाइल उडवली, अ‍ॅप डॉट जेएसमधल्या त्या फाइलीच्या दोन ओळींसकट. मग अ‍ॅप डॉट जेएसमधल्या उरलेल्या ओळी वरून खाली पहिल्यांदाच वाचायला घेतल्या. चहा तोवर गार झाला होता.