पावसाळ्यानंतर हिरवा झालेला तलाव

कर्जतजवळच्या आमच्या घरातील पोहण्याचा तलाव पावसाळाभर बंद राहिला आणि ऑक्टोबरात आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्या पायरीखालचे काहीही दिसत नव्हते. कडेच्या फरशीवरून हात फिरवला की बोटांना बुळबुळीत हिरवा थर लागत होता. अशा वेळी थेट क्लोरीन ओतण्याचा मोह होतो, परंतु पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) ८ च्या वर असेल तर क्लोरीनचा बराचसा भाग निष्प्रभ राहतो. म्हणून आम्ही पालापाचोळा काढला, आम्ल घालून पीएच आधी ७.२ वर आणला, भिंती घासल्या आणि उन्हात क्लोरीन लवकर नष्ट होते हे लक्षात घेऊन सायंकाळी मोठी मात्रा देऊन पंप रात्रभर चालू ठेवला. आम्ल आणि क्लोरीनची पावडर मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी वायू निघतो.

सकाळी पाणी दुधाळ राखाडी झाले होते. शेवाळ मेले होते, पण त्याचे सूक्ष्म कण वाळूच्या फिल्टरमधून निसटत होते. तेव्हा तुरटी विरघळवून पाण्यात फिरवली, पंप बंद केला आणि तळाशी बसलेला गाळ दुसऱ्या दिवशी फिल्टरमध्ये न नेता थेट बाहेर ओढून टाकला. चौथ्या दिवशी तळाच्या जाळीची भोकेसुद्धा मोजता आली.